तिसरा पाइप

“आमच्या घरात दिवसभर कुणीतरी सूप भुरकत बसलेलं असतं,” असं लिओना शुक्रवारी चर्चच्या हॉलमध्ये, भरल्या टेबलावर, तळलेल्या कॉड माशावर लिंबू पिळता पिळता म्हणाली आणि सगळे हसले. नॉर्बर्ट झीलकेही हसला. पुढ्यातलं बटाट्याचं धिरडं त्याने काट्याने चारदा दुमडलं आणि हसला, आणि आपण हसलो याचाच त्याला घरी जाईपर्यंत संताप येत राहिला. बायकोने चारचौघांत नवऱ्याची फिरकी घ्यावी, याला त्याची हरकत नव्हती. मिलवॉकीच्या दक्षिण भागात लग्नं टिकतात ती त्याच जोरावर. हरकत होती ती ‘सूप’ या शब्दाला. चोवीस वर्षं खपून, मीठ मोजून, दिव्यांच्या वेळा लावून त्याने जेवणाच्या खोलीत काचेच्या टाकीत समुद्राचा एक तुकडा जिवंत ठेवला होता. त्यात प्रवाळं होती, केशरी-पांढरे मासे होते, रात्रपाळी केल्यासारखी काच पुसत फिरणाऱ्या गोगलगायी होत्या. आणि त्या सगळ्याचं चर्चच्या हॉलमध्ये सूप झालं. गाडीत बसल्यावर तिने खरी गोष्ट काढली. तिच्या वडिलांना पुढच्या आठवड्यात दवाखान्यातून सोडणार होते. जिना चढणं त्यांना आता जन्मात जमणार नव्हतं. खालच्या मजल्यावर पलंग मावेल अशी खोली एकच, जेवणाची. “तेव्हा तुझी ती टाकी एकतर गप्प होईल,” हातमोजे ओढून बसवत लिओना म्हणाली, “नाहीतर जाईल.” आवाज चढवला असता तर त्याला बरं वाटलं असतं. चढलेल्या आवाजाचं काय करायचं हे त्याला ठाऊक होतं. तो त्याचा धंदाच होता.

कारण नॉर्बर्ट महापालिकेत आवाजाच्या खात्यात होता. कुणाच्या गुत्त्यातला ढोल कुणाच्या झोपेत शिरतो, कुणाचा कुत्रा, कुणाचं वातानुकूलन यंत्र, हे सगळं मीटर लावून मोजायचं आणि दोन्ही बाजूंच्या शिव्या खायच्या, असं त्याचं आयुष्य गेलं होतं. त्यातून तो एकच तत्त्व शिकला होता, आणि ते तो नव्या पोरांना आवर्जून सांगायचा: आवाजाची तक्रार करणाऱ्या माणसाची तक्रार कधीच आवाजाबद्दल नसते. वरच्या मजल्यावरच्या विधवेला खालच्या मजल्यावरचा पियानो खुपतो, कारण खालच्या मजल्यावर नवरा असतो. हे तत्त्व आपल्या घरालाही लागू पडेल, असं त्याला कधी वाटलं नाही. वैद्याच्या घरी सर्दी होते ती निराळी, तिला औषध नसतं. त्याला दिसत होतं ते एवढंच की, ज्या माणसाने पंचवीस वर्षं त्याच्या माशांची टर उडवली, त्या माणसाच्या झोपेसाठी आता त्याच माशांची गठडी वळायची होती. लिओनाचे वडील, काझिमिर स्टाखोविआक, सगळ्या वस्तीचे कॅझ, यांचा एक गुत्ता होता. मागे बोलिंगच्या चार पट्ट्या, पुढे बार. हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावर भोक पाडून मासे धरायचे हा त्यांचा धर्म, आणि त्या धर्मात बोटाएवढ्या माशाला एकच नाव असतं. दर रविवारी जेवायला आले की कोट उतरवायच्या आधी ते टाकीपाशी जायचे, वाकून बघायचे आणि म्हणायचे, “काय रे नॉर्बर्ट, आमिष काय म्हणतंय?” पंचवीस वर्षांत एकदाही त्यांनी मासे म्हटलं नाही. आमिष खातं का नीट? आमिषाला सर्दीबिर्दी? एकदा नाताळात त्यांनी नॉर्बर्टला गळांचा डबाच भेट दिला होता, वर रेशमी फीत बांधून. बाकीचे पोट धरून हसले होते. लिओना तेव्हाही हसली होती.

तरी त्याने ते काम हाती घेतलं, आणि घेतल्यावर, कुणी मान्य करो न करो, त्याला त्यात सुख लागलं. संतापाने केलेल्या कामाला एक धार येते. टाकीची रचना साधी असते: कडेच्या फणीवरून वरचं पाणी मागच्या अरुंद खणात उतरतं, तिथून पाइपाने खाली कपाटातल्या दुसऱ्या टाकीत, तिथे गाळून निघतं आणि पंपाने परत वर. भुरकण्याचा आवाज येतो तो त्या खाली उतरण्याचा. लोकांना वाटतं पाणी आवाज करतं. पाणी कधीच आवाज करत नाही. पाइप अर्धा भरलेला असतो, पाण्याबरोबर हवा खाली ओढली जाते, आणि ती हवा कोंडली की भुरकते, गुरगुरते, उचक्या देते. रिकामा पाइप गप्प असतो, काठोकाठ भरलेलाही गप्प असतो. ओरडतो तो अर्धवट. हे लिओनाला समजावून सांगताना त्याला वाटलं की आपण काहीतरी मोठं बोलून गेलो, पण ती वडिलांच्या गोळ्यांच्या डब्या लावत होती आणि “बरं” म्हणाली. घरी मासे पाळणाऱ्या जगभरच्या मासेवाल्यांनी यावर उपाय काढून ठेवला आहे, तो तीन पाइपांचा. पहिला पाइप पूर्ण भरून वाहतो. त्याच्या तळाशी फिरकीचा व्हॉल्व्ह असतो आणि तो केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवत असा लावायचा की हवेचा बुडबुडाही आत शिरू नये. दुसऱ्यातून उरलेलं पाणी भिंतीला धरून ओघळतं, चोरपावलांनी. आणि तिसरा कोरडा. तिसरा काहीच करत नाही. पहिल्यात कचरा अडकला, दुसऱ्याला झेपेनासं झालं, तर पाणी चढून तिसऱ्यात पडावं एवढ्यासाठी तो उभा असतो. सरकारी कचेरीत एक माणूस असतो तसा.

नॉर्बर्टने जुने पाइप कापले, नवे मापून लावले, पाइप चिकटवायचं सोल्युशन लावून पाव फिरकी देत एकेक जोड बसवला. व्हॉल्व्हपाशी तो उकिडवा बसून राहिला, कान कपाटाला लावून. भुरकणं आधी घोगरं झालं, मग कुजबुज झाली, मग एक क्षण आला की पाइपातून काहीतरी वर-खाली सरकल्यासारखं झालं, आणि आवाज गेला. कमी झाला नाही, गेला. खोलीत इतकी शांतता आली की स्वयंपाकघरातल्या फ्रिजचा त्याला राग आला. त्याने लिओनाला हाक मारली नाही. तिला आपणहून कळावं अशी त्याची इच्छा होती. मग रीतीप्रमाणे त्याने पहिल्या पाइपाचं तोंड तळव्याने दाबून धरलं, तिसरा चालतो का बघायला. तिसरा चालला. चमच्यांचा खण जिन्यावरून टाकावा तसा चालला. तो तसाच चालायला हवा असतो. त्याचं खालचं टोक मुद्दाम पाण्याच्या वर ठेवतात, म्हणजे पाणी उंचावरून आपटतं आणि घरभर कळतं की काहीतरी बिघडलंय. लिओना हात पुसत दारात आली.

“हे काय?”

“हे नेहमीचं नाही. हे फक्त बिघडलं तर.”

“आणि बिघडणार कधी? बाबांचा डोळा लागला की?”

ती निघून गेली. नॉर्बर्ट त्या तिसऱ्या पाइपाकडे बघत राहिला. एवढं सगळं गप्प केल्यावर हा एकटा तोंड वासून उभा, आणि त्याच्यामुळे आपल्याला पुन्हा सूप ऐकून घ्यावं लागणार. मासेवाले निक्षून सांगत होते की या पाइपाला गप्प करायच्या भानगडीत कुणी पडू नये. पण मासेवाल्यांच्या घरी लिओना नव्हती. त्याने तिसऱ्या पाइपाला वीतभर तुकडा जोडला आणि त्याचं टोक खालच्या टाकीच्या तळापर्यंत पाण्यात बुडवलं. आता पडलंच पाणी तर पाण्यातल्या पाण्यात विरघळणार होतं. नंतर त्याने पहिल्या पाइपावर पुन्हा तळवा ठेवून पाहिला नाही. सोल्युशन वाळायला हवं होतं. आणि खरं सांगायचं तर माणूस एकदा जिंकल्यावर पुन्हा चाचणी देत नाही.

कॅझ आले ते चाकांच्या खुर्चीत, उजव्या बाजूने ओघळलेले, आणि तोंडात एकच शब्द घेऊन. अर्धांगाच्या झटक्याने त्यांची सगळी भाषा पुसून टाकली होती, पोलिश काय, इंग्रजी काय, शिव्या काय. उरला होता तो एक “बरोबर”. डॉक्टरांनी सांगितलं की तो शब्द त्यांनी निवडलेला नाही, तो नुसता मागे राहिलाय. भांडं उपडं केल्यावर बुडाला एखादा घास चिकटून राहतो तसा. सूप हवं का? बरोबर. नको का? बरोबर. थंडी वाजते? बरोबर. नॉर्बर्टला हे फार लागलं. तीस वर्षं त्याने या माणसाच्या तोंडून हाच शब्द निघायची वाट पाहिली होती. गुत्त्याच्या मागे नवी पट्टी टाकायचा खर्च अंगावर येईल म्हणून त्याने सांगितलं होतं, आणि आला, तेव्हा नाही. लिओनाला नोकरी सोडू देऊ नका म्हणाला होता, तेव्हा नाही. आता मिळत होता, पसापसा मिळत होता, आणि तोच टीव्हीवरच्या हवामानवाल्या बाईलाही मिळत होता. ती म्हणे उद्या पाच इंच बर्फ. बरोबर.

आणि तो टीव्ही! पहिल्याच दिवशी हे उघडकीला आलं की कॅझना शांततेत झोपच येत नाही. आयुष्य ज्याने बोलिंगच्या कडकडाटात आणि बारच्या कोलाहलात काढलं, त्याला ही मुकी खोली स्मशानासारखी वाटली असावी. त्यांनी काठी आपटायला सुरुवात केली ती टीव्ही लागेपर्यंत. तो लागला तरी आपटत राहिले, आवाज मोठा होईपर्यंत. मग ते समाधानाने घोरायला लागले. नॉर्बर्ट दारात उभा राहून हे पाहत होता. एवढी मोडतोड, एवढी तंतोतंत बसवलेली शांतता, आणि तिच्या छातीवर बसून एक माणूस दात घासायची पेस्ट विकत होता. घरात आता शांत अशी एकच गोष्ट होती, टाकी, आणि ती शांत आहे हे ऐकू येण्याइतकी शांतता घरात नव्हती. त्याने हे लिओनाला सांगितलं. ती म्हणाली, “मग काय म्हणणं आहे तुझं, परत भुरकायला लावतोस?” आणि त्याच्या हातात धुतलेल्या चादरी दिल्या. तिचंही चुकत नव्हतं, हे त्याला दिसत होतं, आणि त्यामुळे राग ठेवायला जागा मिळत नव्हती. आठवड्यातल्या दोन दुपारी लिओना दातांच्या दवाखान्यात कामाला जायची. त्या दुपारी नॉर्बर्टने लवकर घरी यायचं, कॅझना भरवायचं, आणि जेवणानंतर थोड्या वेळाने त्यांनी काठी आपटली की बाथरूमला न्यायचं, असं ठरलं होतं. पण काठी कशासाठी नाही आपटायची? पडदा उघडा, पडदा लावा, चॅनेल बदला, उशी सरकली. नॉर्बर्ट पहिल्या काही दिवसांत धावत जायचा. मग चालत जायला लागला. मग “येतो, येतो” म्हणून बसल्या जागेवरून ओरडायला लागला, आणि बऱ्याचदा काठी आपोआप थांबायची. तक्रारदार काही वेळाने थकतात, हाही खात्यातला अनुभव होता.

कॅझकडे बघताना त्याला हटकून ते बर्फावरचं खोपट आठवायचं. लग्नानंतर काही वर्षांनी कॅझनी त्याला एकट्यालाच मासे धरायला नेलं होतं. गोठलेल्या तळ्यावर लाकडी खोपट, मध्ये भोक, भोकात काळं पाणी, एक शेगडी, आणि दोन उलट्या बादल्या बसायला. दार लावून घेतल्यावर बाहेरचं जग कापून टाकल्यासारखं झालं होतं. अधूनमधून खोल कुठेतरी बर्फ तडकायचा आणि तो आवाज तळ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावत जायचा. लिओनाचं दुसरं मूलही तेव्हा वाचलं नव्हतं. ती महिनाभर खोलीबाहेर येत नव्हती. कॅझनी ब्रँडीची बाटली त्याच्या हातात दिली, दोरी भोकात सोडली आणि भोकाकडे बघतच म्हणाले, “इथं कुणाला ऐकू जात नाही. बोलायचंय ते बोल.” नॉर्बर्टला आजही कळत नव्हतं की त्या वेळी आपल्याला काय झालं. बोलायला इतकं होतं की ते बाहेर पडायच्या वाटेवरच अडकून बसलं. तो खाऱ्या पाण्याबद्दल बोलला. समुद्राचं मीठ कसं घरी कालवता येतं, घनता कशी मोजतात, असलं काहीबाही. तेव्हा त्याच्याकडे टाकीही नव्हती, नुसतं एका मासिकात वाचलं होतं. कॅझनी पुरतं ऐकून घेतलं. मग बाटली परत मागून घेतली आणि म्हणाले, “म्हणजे आमिष पाळणार तू.” सगळ्याची सुरुवात तिथून झाली. त्या खोपटात झालेला अपमान नॉर्बर्टने पंचवीस वर्षं जपून ठेवला होता. पण अलीकडे, हवामानवाल्या बाईला कॅझ “बरोबर” म्हणत असताना, त्याला शंका यायची की अपमान नेमका कुणी कुणाचा केला होता. आणि अशी शंका यायला लागली की तो उठून तळघरात जायचा, कारण टाकीचं पाणी बदलायला मीठ कालवण्याचं काम तिथे असायचंच.

त्या दुपारीही तो तळघरातच होता. बादलीत मीठ ढवळत होता, एकाच दिशेने, सावकाश. वर काठी आपटायला लागली. तळघराच्या छताला ती खोली चिकटूनच असल्यामुळे प्रत्येक ठोका डोक्यावर पडल्यासारखा यायचा. “येतो,” तो छताकडे बघून म्हणाला, आवाज न चढवता. ठोके चालू राहिले. टीव्हीवर कुणीतरी टाळ्या वाजवत होतं. चॅनेल नको असेल, पडदा नको असेल. ज्याच्यासाठी घर मुकं करायचं होतं तोच घराला बडवतो, असं वाक्य नॉर्बर्टच्या मनात तयार झालं, आणि ते लिओनाला कधी ऐकवायचं याचा विचार करत तो ढवळत राहिला. ठोके जलद झाले, मग एकदम विरळ, मग एक, मग नाही. बघा, थांबले. तो बादलीवर वाकला आणि त्याच्या मानेवर काहीतरी टपकलं. त्याने हात लावला, ओलं. छताच्या फळ्यांच्या फटीला थेंबांची ओळ लटकत होती. त्याने बोट जिभेला लावलं. खारट.

जिना तो कसा चढला हे त्याला नंतर सांगता आलं नाही. वर पंप किंचाळत होता. त्याच्या कप्प्यातलं सगळं पाणी वर जाऊन संपलं होतं आणि आता तो कोरडा फिरत होता. टाकीच्या काठावरून पाण्याचा पडदा ओघळून गेलेला दिसत होता, कपाटाची दारं फुगली होती, आणि ओकच्या जमिनीवर पाणी चकाकत पसरलं होतं, टाकीपासून थेट चाकांच्या खुर्चीपर्यंत. नॉर्बर्टने प्लग उपटला. मग खणात हात घातला. पहिल्या पाइपाच्या तोंडात एक गोगलगाय, बुचासारखी बसलेली, घट्ट. तिने पाणी अडवलं. दुसऱ्याला झेपलं नाही. आणि तिसरा, ज्याने बोंब ठोकायची, तो तोंड पाण्यात बुडवून गप्प राहिला होता. त्याच्यात हवा अडकून पडली होती. खालून बाहेर पडायला वाट नाही, वरून पाणी आत यायला वाट नाही; आणि पाण्याला मग काठ ओलांडून जमिनीवर येणं सोपं गेलं. हे सगळं नॉर्बर्टला क्षणात दिसलं, आणि चूक इतक्या स्पष्टपणे आपली असल्याचा त्याला असा काही संताप आला की तो गोगलगाय मुठीत धरून वळला आणि समोर असलेल्या एकमेव माणसावर तुटून पडला.

“झालं समाधान?” तो म्हणाला. “गप्प हवी होती ना टाकी? झाली गप्प.”

“बरोबर,” कॅझ म्हणाले.

“तुमच्यासाठी केलं. तुम्हाला कशाचीच गरज नव्हती. तुम्ही बाजारात झोपता, आणि मी पाइप कापत बसलो.”

“बरोबर.”

“पंचवीस वर्षं आमिष, आमिष. एकदा तरी मासे म्हणालात? माझ्या घरात, माझ्या टेबलावर, माझं जेवून.” तो टॉवेल ओढून गुडघ्यांवर बसला होता आणि पाणी रेटत होता, आणि बोलणं त्याच्या हातांच्या तालावर येत होतं. “आणि त्या खोपटात काय हवं होतं तुम्हाला माझ्याकडून? रडायला हवं होतं? माझीही होती ती पोरं. माझीही होती. कुणी विचारलं नाही.”

 नॉर्बर्ट थांबला नाही. “काठी ऐकू येत होती मला. सगळे ठोके ऐकले. ऐकून आलो नाही,” तो म्हणाला, “मुद्दाम आलो नाही,” आणि वाट पाहत राहिला. तो शब्द आला नाही. टीव्हीवर टाळ्या वाजत होत्या. पाणी रेटत रेटत तो खुर्चीपाशी पोचला होता. तिथलं पाणी कोमट लागलं. टाकीचं पाणीही कोमटच असतं. चाखून पाहिलं असतं तरी उपयोग नव्हता. खारट तर दोन्ही. क्षणभर त्याने खरोखरच असं ठरवून टाकलं की हे सगळं एकच पाणी आहे. पण टाकीपाशी त्याचा इतक्या वर्षांचा हिशेब पाणी कुठून कुठे जातं याचाच होता, आणि तो हिशेब त्याला सोडेना. जमिनीवरचं पाणी तळवे भिजवतं, फार तर मोजे. ते वर चढत नाही. कॅझची पॅन्ट मांडीपासून खाली भिजली होती.

त्याने मान वर केली. कॅझ टीव्हीकडे बघत होते. बघत नव्हते, नजर तिकडे नेऊन ठेवली होती. चार पट्ट्यांच्या गुत्त्याचा मालक, ज्याने दारुड्या खलाशांना कॉलरला धरून बर्फात फेकलं होतं, तो खालचा ओठ आत घेऊन बसला होता, आणि त्याची धड बाजू ओघळलेल्या बाजूइतकीच स्थिर होती. काठी खाली पडली होती. पाण्यासाठी आपटली नव्हती ती. टाकी गळायच्या आधीपासून आपटत होती. रोज या वेळेला आपटायची तीच, त्याच कामासाठी. नॉर्बर्टला वाटलं, आता तरी म्हणा. बरोबर म्हणा, काहीही म्हणा. पण त्या माणसाकडे एकच शब्द होता आणि तो त्यांनी देऊ केला नाही, आणि पहिल्यांदाच नॉर्बर्टला वाटलं की तो शब्द त्यांनी निवडून ठेवला आहे.

त्याने टीव्ही बंद केला. कोमट पाण्याची परात आणली, स्वच्छ टॉवेल आणले. कॅझना उचलणं सोपं नव्हतं. त्यांचं धड त्याच्या खांद्यावर पडलं आणि ओला गाल त्याच्या मानेला लागला. ओला कशाने, ते त्याने पाहिलं नाही. पॅन्ट उतरवली, अंग पुसलं, पावडर लावली, आणि कपाटातली आपली स्वतःची सुती पॅन्ट आणून चढवली, कारण कॅझच्या सगळ्या तळघरात दोरीवर होत्या. ती त्यांना आखूड पडली. नडग्यांचे पांढरे, केस गेलेले तुकडे दिसत राहिले.  तो एका पायात मोजा चढवत होता तेव्हा दार वाजलं आणि लिओना बर्फाचे बूट झटकत आत आली.

तिने जमीन पाहिली, फुगलेलं कपाट पाहिलं, टाकीची ओली काच पाहिली, टॉवेलांचा ढीग पाहिला. मग वडिलांच्या अंगावरची ती आखूड पॅन्ट.

“बाबांची पॅन्ट कशी भिजली?”

नॉर्बर्टच्या पाठीमागे, अगदी जवळ, कॅझचा श्वास अडकला. तो त्याने ऐकला. शहरातले सगळे आवाज मोजलेल्या माणसाला तो ऐकू न येणं शक्य नव्हतं.

“टाकी ओसंडली,” तो म्हणाला. “त्यांच्या अंगावर आलं.”

“सगळं?”

“सगळं टाकीचंच पाणी आहे.”

लिओना टाकीपासून खुर्चीपर्यंतचं अंतर डोळ्यांनी चालून आली. “मी सांगितलं होतं तुला,” ती म्हणाली.

“हो.”

“उद्या जाहिरात दे. माशांना घरं सापडतील. बाबांच्या उशाशी मला ही नको.”

“देतो,” नॉर्बर्ट म्हणाला, आणि ते म्हणताना त्याला जे वाटलं ते दुःख नव्हतं, चक्क राग होता, तोच जुना, ओळखीचा, आणि तो कुणावर काढायचा हे आता त्याला अजिबात कळत नव्हतं. चोवीस वर्षांचा समुद्र एका वाक्यात गेला, आणि ते वाक्य त्याचं स्वतःचं होतं. लिओनाने ढीग उचलला, टॉवेल, मोजे, पॅन्ट, छातीशी धरून तळघराचा जिना उतरली. खाली दिव्याचं बटण ऐकू आलं. कपडे धुण्याच्या मशीनचं झाकण उघडल्याचं ऐकू आलं. त्यानंतर बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. नॉर्बर्ट दुसरा मोजा हातात घेऊन बसून राहिला. ढिगात ती पॅन्टही होती, आणि टाकीच्या पाण्याला तसला वास नसतो, हे त्याला आत्ता सुचलं. मग मशीनमध्ये पाणी सुटलं.

ती वर आली ती रिकाम्या हातांनी. दारात उभी राहून तिने वडिलांकडे पाहिलं नाही, नॉर्बर्टकडे पाहिलं. तिचं नाक लाल झालं होतं, बाहेरच्या थंडीने होतं तसं, पण आत येऊन तिला वेळ झाला होता.

“जाहिरात राहू दे,” ती म्हणाली.

“का?”

“का म्हणून विचारू नकोस, नॉर्बर्ट. निदान एकदा तरी.”

ती स्वयंपाकघरात गेली. तिने गॅस पेटवला, भांडं ठेवलं, काहीतरी चिरायला घेतलं. नॉर्बर्टला वाटत होतं की आपण उठून काहीतरी बोलावं, खुलासा करावा, भांडावं सुद्धा. कॅझनी धड असलेला पाय पुढे केला. त्यावर मोजा घालायचा राहिला होता. नॉर्बर्टने घातला, टाच वर आली होती म्हणून काढला, आणि सरळ करून पुन्हा घातला.